‘तो’चे ‘ते’ झाले त्या दिवशी

गल्लीत तिला कुणी डॉक्टर म्हणत नसे, कुलूपबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण बसलं मात्र अगदी चपखल. ती मनाची डॉक्टर. औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना होता. बाहेर लाकडी बाक, आत दोन खुर्च्या, एक टेबल आणि पेशंट आला की ती आठवणीने लावून घ्यायची ती खिडकी. त्या खोलीत आसपासची निम्मी माणसं रडून गेली होती, कुणी नवऱ्याच्या नावाने, कुणी बापाच्या, कुणी स्वतःच्याच. आणि त्यातलं एक अक्षर, अहो एक अक्षर कधी जिना उतरून खाली आलं नव्हतं.

याचा तिला गर्व होता. उगाच नम्रतेचा आव कशाला आणायचा, चांगला घसघशीत गर्व होता. रस्त्यात समोरून पेशंट आला तर ती आपण होऊन ओळख दाखवत नसे. त्याने मान हलवली तरच हिची मान हलायची. नवऱ्याने एकदा सहज विचारलं, "आपला तो बँकेतला माणूस तुझ्याकडे येतो का गं?" तर ही म्हणाली, "कुठला बँकेतला?" आणि वर त्यालाच विचारलं, "चहा ठेवू का?" बिचाऱ्याने तेव्हापासून विचारणं सोडून दिलं.

सोडलं नाही ते सासूबाईंनी. सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा पाय मोडला, सगळ्याची पहिली खबर त्यांच्याकडे आणि दुसरी त्यांच्याकडून. अशा बाईच्या घरात अशी सून यावी, हा त्यांच्या मते देवाने मुद्दाम केलेला चावटपणा होता. "सगळ्यांच्या भानगडी हिच्या पोटात, आणि मी घरात बसून उपाशी," असं त्या बहिणीला फोनवर सांगायच्या, तेही सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्यांची आणखी एक गंमत होती. जिवंत माणसाबद्दल त्या कधी आदराने बोलायच्या नाहीत. समोरची, शेजारची, स्वतःची सख्खी जाऊ, सगळ्या नुसत्या ‘ती’. ती भवानी, ती नाक मुरडणारी, ती कवडीचुंबक. बाप्येही तसेच, ‘तो’ आणि ‘तो मेला’. पण माणूस खरोखर गेलं, की सासूबाईंची जीभ एका रात्रीत संस्कारी व्हायची. काल जी भवानी होती, त्या आज फार मायाळू होत्या. त्यामुळे घरात एक रीतच पडून गेली होती. सासूबाईंच्या तोंडून कुणाबद्दल ‘त्या’ किंवा ‘ते’ आलं, की सुनेने हातातलं काम थांबवून विचारायचं, "कधी गेल्या?" किंवा "कधी गेले?" आणि उत्तर तयार असायचं.

त्या दिवशीही सकाळी चहाच्या वेळी तेच झालं. "वरच्या मजल्यावरच्या त्या काय टापटीप राहायच्या गं," सासूबाई म्हणाल्या.

"कधी गेल्या?" सुनेने विचारलं.

"पहाटे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. कालच त्याच बाईने जिन्यात पाणी सांडलं म्हणून त्या तिच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. कुलूपबाईला मनातून हसू आलं, ते तिने चहाबरोबर गिळलं आणि ती दवाखान्यात गेली.

दुपारी धाकटा आला. धाकटा म्हणजे दोघा सुतार भावांतला धाकटा. सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, आणि थोरल्याला थोरला. बाप गेल्यावर थोरल्यानेच त्याला वाढवलं, कामाला लावलं. दोघांचा मिळून कारखाना होता, दवाखान्यापासून दोन गल्ल्या टाकून. मग धाकटा आजारी पडला. झोप उडाली, भिंतीशी बोलायला लागला, एक दिवस भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागला. थोरल्याने काय करावं? फळ्या बांधायची दोरी घेतली, भावाचे हात पाठीमागे बांधले आणि भर बाजारातून त्याला चालवत हॉस्पिटलात नेलं. शर्टाची बटणं तुटलेली, अख्खी गल्ली दारात उभी. धाकटा औषधांनी सावरला, पण ती दोरी काही त्याच्या मनातून सुटली नाही.

तेव्हापासून तो कुलूपबाईकडे यायचा, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्याची सुरुवात व्हायची. "तो नालायक, त्याची तंगडी तोडतो. त्याला सोडत नाही मी. बघून घेईन त्याला." बाई शांतपणे ऐकायची. असल्या धमक्यांना ती भीक घालत नसे. आपल्याकडे आईसुद्धा लेकराला तंगडी तोडीन म्हणते आणि मग त्याच तंगडीला तेल चोळते. शिवाय डोकं बिघडलेली माणसं खून करत सुटतात हे लोकांचं एक खूळ. तिने आयुष्यभर जी माणसं पाहिली, त्यांनी मारलंच असेल कुणाला तर बहुतेक स्वतःलाच. धाकट्याचा राग तोंडावाटे निघतोय, निघू दे, असं तिचं म्हणणं होतं, आणि तोवर ते बरोबरच होतं.

पण त्या दिवशी धाकटा आला तो केस विंचरून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. खुर्ची आपटली नाही, ओढलीसुद्धा नाही, अलगद बसला.

"झोप?" तिने विचारलं.

"छान लागते."

"औषधं?"

"घेतो ना."

"आणि राग?"

"संपला, बाई. आता काही राग नाही."

कुलूपबाईला बरं वाटलं. बरं कसलं, पोटात गुदगुल्या झाल्या. इतक्या महिन्यांची मेहनत फळाला आली म्हणून तिने मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. शहाणी माणसंच अशी फसतात, साधी फसत नाहीत. शांत माणूस दिसला की डॉक्टरला वाटतं आपलं औषध लागू पडलं.

धाकटा खिडकीच्या बंद काचेकडे बघत बोलत होता. "दादांनी मला पहिल्यांदा रंधा हातात दिला ना, तेव्हा माझी मूठसुद्धा त्याच्याभोवती पुरत नव्हती. मागे उभे राहून माझा हात धरून चालवायचे. दादांचा हात फार हलका होता. लाकडालाही कळायचं नाही." त्याचे डोळे भरून आले, तो थोडा रडला, पुन्हा बोलायला लागला. "तोंडाने फटकळ होते, पण मन मोठं होतं. बाई, दादांसारखा माणूस होणे नाही."

बाई मान हलवत होती. चांगलं चाललंय, दोरीच्या आधीचं आठवायला लागलंय, असं तिला वाटत होतं. आणि तिच्या तोंडून, घरी सासूबाईंना रोज विचारायची तसं, निव्वळ सवयीने निघून गेलं, "कधी गेले?"

"अजून नाही," धाकटा म्हणाला.

खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी सुट्टे मागत होतं, ते वर ऐकू आलं. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, तिने धाकट्याकडे. आपण काय बोलून गेलो हे दोघांनाही कळलं होतं.

‘तो’चे ‘ते’ झाले होते. ‘आहे’चं ‘होते’ झालं होतं. दोन गल्ल्यांपलीकडे जो माणूस या क्षणी करवतीच्या मशीनवर वाकून काम करत होता, त्याची इथे शोकसभा चालली होती, आणि ही शहाणी मान डोलवत बसली होती. कुलूपबाईला स्वतःचा असा राग आला की काही विचारू नका. पण स्वतःवर रागवायला पुढे वेळ मिळाला असता, आत्ता नव्हता. तिने पेन खाली ठेवलं.

"दादांना मारायचं ठरवलंय का तुम्ही?" तिने सरळ विचारलं.

"त्यांना त्रास नाही होणार, बाई," धाकटा समजूत घातल्यासारखा म्हणाला. "मशीन चालू असलं की त्यांना मागचं काही कळत नाही. कान तर केव्हाच गेलेत." मग थांबून म्हणाला, "आणि तुम्ही थोड्याच कुणाला सांगणार आहात. तुम्ही कुलूप."

ज्या नावाचा एवढा तोरा मिरवला, ते नाव असं पुढ्यात येऊन उभं राहिलं. तिला ते झोंबलं.

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक वाक्य सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांनाच सांगता ते. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही."

"त्याच्या पुढचं."

धाकट्याने खांदे उडवले. म्हणून तिनेच सांगितलं. "कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तर मात्र मी सांगेन."

"ते म्हणायचं असतं म्हणून म्हणता तुम्ही. बसा, पाणी घ्या म्हणतात तसं."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली. "कधी वेळच आली नव्हती. पण म्हटलंय ते म्हटलंय. मी आता जाऊन दादांना सावध करणार. तुमच्या पाठीमागे नाही, तुमच्या तोंडावर सांगते आहे. त्यापेक्षा तुम्हीच चला माझ्याबरोबर हॉस्पिटलात. आत्ता, स्वतःच्या पायांनी. तुम्हाला बरं नाही. बरं नसताना माणसाने असले निर्णय घेऊ नयेत."

धाकटा उठला. "म्हणजे तुम्हीही दोरीवाल्याच निघालात," असं म्हणून तो जिना उतरून गेला. तिने अडवायचं कसं? बांधून ठेवायला तिच्याकडे दोरी नव्हती, आणि असती तरी तिने ती वापरली नसती.

जिन्याच्या वरच्या पायरीवर ती क्षणभर उभी राहिली. बाहेर बाकावर बसलेली माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. आज हिने एक दार उघडलं तर उद्या हीच माणसं म्हणतील, आमचंही उघडेल. जन्मभर सांभाळलेली एकच वस्तू, ती आज आपल्याच हाताने द्यायची. आणि धाकट्याला तर दुसऱ्यांदा दगा दिल्यासारखं होणार. पण पलीकडच्या पारड्यात एक जिवंत माणूस होता, बहिरा, दाराकडे पाठ करून उभा असलेला. हे तोलायला तिला फार वेळ लागला नाही.

तिने आधी पोलीस ठाण्यात फोन लावला. साहेबांना कोण, कुठे, कुणापासून धोका, एवढं सांगितलं आणि साध्या कपड्यांत यायला, गाडीचा भोंगा न वाजवायला बजावलं. "बाई, तो नक्की काय काय बोलला ते सांगा," साहेब म्हणाले. "ज्याने जीव वाचेल तेवढं सांगितलंय," ती म्हणाली. "उरलेलं तुमच्या उपयोगाचं नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहील." थोरल्याचा फोन नुसता वाजत राहिला. मशीन चालू असताना तो कुठे कुणाचा फोन घ्यायचा म्हणा. धाकट्याचं घर बाजारापलीकडे, कारखाना जवळ. तो आधी घरी गेला की थेट कारखान्यात, हे तिला ठाऊक नव्हतं. बाकावरच्या लोकांना "उद्या या" म्हणत ती अक्षरशः पळत सुटली. एवढी पोक्त बाई भर रस्त्यात पळताना कुणी कधी पाहिली नव्हती.

कारखान्यात थोरला एकटा होता. दाराबाहेर दोन कामगार खुर्च्यांना पॉलिश करत बसले होते. मशीन घरघरत होतं, सगळीकडे भुसा उडत होता. ती थेट त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, आणि त्याला खरोखरच काही कळलं नाही. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"लाईट गेली का?" थोरला ओरडला. बहिरी माणसं बोलतात तसा तो कायम ओरडूनच बोलायचा. वळून पाहतो तर डॉक्टर. "काय हो बाई? धाकटा बरा आहे ना?"

"धोका आहे तुम्हाला," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय? कुणाचा फोटो?"

बाहेरच्या कामगारांचे हात थांबले. चारी कान इकडे लागले. आता आली का पंचाईत? जिने जन्मात कुजबुजूनही काही सांगितलं नाही, तिने आता गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. तेवढं काही ती करणार नव्हती. तिने थोरल्याच्या कानावर खोचलेली पेन्सिल काढून घेतली आणि टेबलावरच्या फळीवर लिहिलं. तुमच्या जिवाला धाकट्यापासून धोका आहे. आज इथे थांबू नका.

थोरल्याने ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "काय म्हणाला तो?" या खेपेला त्याचा आवाज त्याच्या मानाने बराच खाली होता.

ते सांगणार नाही, तिने लिहिलं.

"अहो, माझा जीव, आणि मलाच नाही सांगणार?"

तिने त्याच्याखाली लिहिलं, जीव तुमचा आहे, बोलणं त्याचं आहे. मग कोपऱ्यातला रंधा उचलून त्याच्या हातात दिला आणि फळीकडे बोट दाखवलं. थोरला समजला. त्याने फळीवर रंधा मारला. सारा जन्म तेच केलेला हात, एवढ्या धक्क्यातही तो सरळच चालला. अक्षरं लाकडाच्या पातळ भेंडोळ्या होऊन खाली पडली. बाईने वाकून एकूण एक भेंडोळी गोळा केली आणि पर्समध्ये टाकली.

थोरल्याने भिंतीच्या खुंटीवरची दोरी काढली. "मी बघतो त्याला. हॉस्पिटलात नेऊन टाकतो पुन्हा."

तिने ती दोरी त्याच्या हातातून घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पेशंटबद्दल मोठ्याने बोलली, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं, जाऊ दे ऐकू. "दोरी नाही. पुन्हा कधीच नाही."

थोरल्याला ऐकू आलं. तो स्टुलावर बसला. "बांधताना मी रडत होतो हो बाई," तो म्हणाला. "तो डोकं फोडून घेत होता. मला दुसरं काही सुचलंच नाही." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याला मागच्या दाराने त्याच्या मुलीकडे पाठवून दिलं आणि कामगारांनाही सुट्टी दिली.

साहेब साध्या कपड्यांत आले आणि अर्ध्या पॉलिशच्या एका खुर्चीवर गिऱ्हाइकासारखे बसले. "बाई, आता तुम्ही निघा," ते म्हणाले.

"तो माझा पेशंट आहे," ती म्हणाली आणि थोरल्याच्या स्टुलावर बसून राहिली. साहेबांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा धाकटा आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मशीन बंद पाहून तो दारातच थबकला. साहेब उठायला लागले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"दादा कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"आहेत," ती म्हणाली. "सुखरूप आहेत."

"सांगितलंत तुम्ही."

"तुम्हाला म्हटलं होतं, सांगेन."

"काय काय सांगितलंत?" त्याचा आवाज चिरकला. "रंध्याचं सांगितलंत? हात धरून शिकवायचे ते? मी रडलो ते?"

"नाही."

"कशावरून?"

धाकट्याची नजर टेबलावरच्या फळीवर गेली. हाडाचा सुतार तो, जुनाट फळीवरचा तेवढाच उजळ पट्टा त्याला दारातून दिसला. जवळ येऊन त्याने त्यावरून बोट फिरवलं. "हे आत्ता मारलंय. हात दादांचा आहे. कशाला मारलंय पण?"

बाईने पर्स उघडून त्याच्यापुढे धरली. आत लाकडाच्या भेंडोळ्या होत्या, त्यांवर पेन्सिलीचे तुटके फराटे. "एवढंच बाहेर आलं," ती म्हणाली. "जिवाला धोका आहे, एवढंच. तेही पुसून घेतलं. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. आणि तिथेच राहणार."

धाकटा बराच वेळ पर्समध्ये बघत राहिला. मग त्याने फडकं सोडलं. आत बापाच्या हातची पटाशी होती, नुकती धार लावलेली. त्याने ती टेबलावर ठेवली, पण कशी ठेवली ते ऐका. पातं स्वतःकडे आणि मूठ तिच्याकडे. सुताराला शिकवतात ना, दुसऱ्याला हत्यार द्यायचं तर मूठ पुढे करून द्यायचं. थोरल्यानेच शिकवलं असणार.

"बांधणार का मला?" त्याने विचारलं.

"कोण बांधतंय बघू तरी," ती म्हणाली.

आणि मग ती दोघं त्याच बाजारातून चालत हॉस्पिटलात गेली. पुन्हा गल्ली दारादारात उभी राहिली, राहणारच. पण या खेपेला धाकट्याच्या शर्टाची बटणं जागच्या जागी होती, केस विंचरलेले होते आणि हात मोकळे होते. शेजारून कुलूपबाई चालत होती, त्याला न धरता, मान ताठ करून, कुणी एक शब्द बोलून दाखवा अशा तोऱ्यात. साहेब पटाशी फडक्यात गुंडाळून बरेच मागून येत होते, भाजीला निघाल्यासारखे. हॉस्पिटलच्या दारात धाकटा स्वतःहून म्हणाला, "मला भरती करून घ्या." मग तो वळला आणि तिला म्हणाला, "तुमच्याशी मात्र मी पुन्हा बोलणार नाही." तिने मान हलवली. तेवढा त्याचा हक्क होता.

गल्लीला बोलायला विषय मिळाला. कुलूप तुटलं म्हणे, कुलूपबाईने पोलिसांना सांगितलं म्हणे. दवाखान्याबाहेरचा बाक रिकामा दिसायला लागला. काही दिवस तर ती नुसती खिडकीतून रस्ता बघत बसायची. तिला वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप झाला का म्हणाल, तर तसूभरही नाही. थोरला रोज सकाळी दवाखान्याखालून जायचा, वर बघून नमस्कार करायचा, आणि तो चालताबोलता नमस्कार तिला दिवसभर पुरायचा.

बायका मग सासूबाईंना गाठायला लागल्या. तो नक्की काय म्हणाला होता, तुम्हाला तर माहीतच असेल. सासूबाईंना काडीचंही माहीत नव्हतं. सुनेने घरी येऊन त्या रात्रीसुद्धा "चहा ठेवू का?" एवढंच विचारलं होतं. पण सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माहीत आहे, सगळं माहीत आहे. पण आमच्या घरातलं बोलणं बाहेर जात नाही." जन्मात पहिल्यांदाच हे वाक्य बोलल्या असतील, पण काय ठसक्यात बोलल्या.

हळूहळू बाकावर माणसं परतली. पहिली आली ती एक बाई. तिच्या नवऱ्याची तिला भीती वाटायची. ती म्हणाली, "तुम्ही वेळ आली तर सांगता, असं ऐकलं. म्हणून आले." कुलूपबाईला हे ऐकून भरून आलं, पण ते तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आणि एक दिवस दार धाडकन उघडून धाकटा आत आला. खुर्ची ओढली, आपटली, बसला. पुन्हा बोलणार नाही म्हणाला होता तो, आणि त्याने शब्द पाळला तरी त्याला बसू द्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"डोकं उठवलंय त्याने," धाकटा एकदम म्हणाला. "हॉस्पिटलात रोज यायचा. दोरीबद्दल माफी मागायचा, तीही ओरडून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. आता कानाला यंत्र लावून घेतलंय. ऐकू यायला लागल्यापासून दुप्पट बोलतो. यंत्रातून शिट्टी वाजते, ती त्याला सोडून सगळ्यांना ऐकू येते."

"कोण?" तिने विचारलं.

"तोच. दादा. दुसरा कोण? गाढव आहे नुसता."

"काय आहे म्हणालात?"

"गाढव आहे. हाडाचा बेअक्कल आहे. मशीनसुद्धा हलवलं त्याने, आता दाराकडे तोंड करून उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बडबडतो."

‘आहे’ म्हणाला. एकदा नाही, तीनदा. कुलूपबाईने आयुष्यात इतक्या शिव्या ऐकल्या होत्या, पण अशी गोड शिवी तिच्या कानावर कधी पडली नव्हती. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बोला, ऐकते आहे," ती म्हणाली. आणि तो नेहमीसारखा तावातावाने भावाचा उद्धार करत राहिला, निघताना "येतो" म्हणाला आणि दार आपटून गेला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. दाराकडे पाठ होती. "तुझ्या मुलीला आमच्या सूनबाईंकडे पाठव," त्या सांगत होत्या. "निर्धास्त पाठव. त्या एक अक्षर बाहेर काढायच्या नाहीत. आणि जिवावर बेतलं तर गप्पही बसायच्या नाहीत. फार मोठ्या मनाच्या आहेत त्या."

सून चपला काढता काढता थांबली. "आई," ती म्हणाली, "मी कधी गेले?"

सासूबाई दचकून वळल्या. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, पण क्षणभरच. फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "गेल्यावर ऐकायला येणार आहेस का? उभी राहा तिथेच आणि आत्ताच ऐकून घे."